गाडीवाले गुरुजी

यज्ञेश्वर गुरुजींनी जीपच्या बॉनेटवर थाप मारली आणि मुरारीला म्हणाले, "जा तू. या खटाऱ्यात मैनेला पुन्हा घालू नकोस."

मुरारी जागचा हलला नाही. कापडे गावाच्या वरच्या वाडीतून तो आपल्या भाड्याच्या जीपमधून मैनेला घेऊन आला होता. मूल आडवं आहे, इथे काही होणार नाही, महाडला न्या, असं सांगून सिस्टरने हात वर केले होते. डॉक्टर जागेवर नव्हते. ते कधी असतात? मैनेची सासू तुळजाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"गुरुजी, नेतो की मी म्हाडला," मुरारी म्हणाला. "आता निघालो तर पोचू."

"आणि हायवेचे खड्डे? आपली दवाखान्याची गाडी आहे ना! झोपवून नेता येतं, ऑक्सिजन आहे. डिझेल भरायला गेलीय, सिस्टर म्हणाल्या. येईलच."

मुरारीने तुळजाबाईकडे पाहिलं.

"गुरुजी सांगतात तसं कर रे," ती म्हणाली.

जीपसाठी तिकडे लग्नाची माणसं खोळंबली होती. मुरारी गेला.

गुरुजींचा त्या गाडीवर जीव होता. शाळा सांभाळून त्यांनी तिच्यासाठी अलिबागच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. ती आली त्या दिवशी नारळ त्यांच्याच हातून फुटला. तेव्हापासून लोक त्यांना गाडीवाले गुरुजी म्हणत. गुरुजी वरवर रागवत, पण मनातून त्यांना ते फार आवडे.

"दम धर गो बाय," तुळजाबाई सुनेला सांगत होती. "गाडी येतेच हाय."

गाडी येईना. मैना आधी ओरडत होती, मग कण्हू लागली. अखेर गुरुजी स्वतः चालत पंपावर गेले.

"दवाखान्याची गाडी? नाय बा," पंपावरचा माणूस म्हणाला. "आज फिरकलीच नाय."

गुरुजी धापा टाकत परतले. सिस्टर मैनेच्या कपाळावर ठेवायला फडकं पिळत होती.

"सिस्टर, खरं सांगा. गाडी कुठे आहे?"

"वर गेलीय. महाबळेश्वरला."

"पेशंट आणायला?"

सिस्टरने पिळलेलं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. "साहेबांनी पाठवलीय," ती मान वर न करता म्हणाली.

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या नावावर थुंकल्यासारखं वाटलं त्यांना. "येऊ दे त्या सोमाला," ते गरजले. "ड्रायव्हरकी कशी करतो बघतोच. आणि डॉक्टरलाही सोडत नाही!" मग ते हायवेवर जाऊन हात दाखवत उभे राहिले. अडलेल्या बाईसाठी कोण थांबतं? ट्रकवाले हात पाहून उलट वेग वाढवत. मुरारीला आपणच घालवलं, हे त्यांना आता राहून राहून आठवत होतं.

ऊन कलल्यावर घाटाच्या रस्त्याने गाडी खाली आली. ती फाटकाशी थांबते न थांबते तोच गुरुजींनी सोमाची कॉलर धरली.

"लाज नाही वाटत? कुणाच्या बापाची गाडी समजलास?"

सोमाने कॉलर सोडवून घेतली नाही. तो नुसता मागच्या दाराकडे बघत राहिला.

दार उघडलं. घाटातल्या वाऱ्यामुळे कानावरून घट्ट घेतलेला पदर सोडत सरोज खाली उतरली. गुरुजींची बायको. तिच्यामागून तिची पुण्याची बहीण आणि मेहुणे. सकाळी ती पाहुण्यांना घेऊन फिरायला निघाली, तेव्हा "गाडीची सोय झालीय" एवढंच म्हणाली होती. कुठली गाडी, हे गुरुजींनी विचारलं नव्हतं.

"तुम्ही इथे?" सरोज हसली. मग व्हरांड्याकडे लक्ष जाताच तिचा आवाज उतरला. "मी काही मागितली नव्हती हो. डॉक्टरच म्हणाले, गाडी नुसती उभी असते, न्या. गुरुजींच्या घरच्यांना नाही कसं म्हणायचं?"

गुरुजींचा हात सोमाच्या कॉलरवरून आपोआप सुटला.

तुळजाबाई व्हरांड्यातून उठून आली. ती गाडीत चढली. आतल्या बाकावर स्ट्रॉबेरीची खोकी रचलेली होती. तिने ती हलक्या हाताने उचलली आणि एकेक करून दारातून पुढे केली.

"धरा, गुरुजी."

गुरुजींनी धरली. सोमाने आणि सिस्टरने मैनेला उचलून बाकावर निजवलं. ती आता कण्हतही नव्हती.

"थांबा, मी येतो बरोबर," गुरुजी म्हणाले. खोकी कुठे ठेवावीत ते त्यांना सुचेना.

"नको," तुळजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्या घरी पावनं हायत."

आणि तिने दार आतून ओढून घेतलं.