चंद्री, मुक्काम विंझर

सगळा घोळ चंद्रीनं केला. चंद्री म्हणजे विंझरच्या हनुमंत अण्णांची म्हैस, आणि ती जाऊन बसली थेट पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर. एकदा बसली असती तर हसण्यावारी गेलं असतं. दोनदा बसली!

झालं असं. अण्णांची पोरगी शेफाली भोरात रघुवीर सरांच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बनवायची. बिलाचा साचा, चुकलेल्या तारखा सुधारणारी स्क्रिप्ट, 'सर्व्हर अडला तर आधी हे बघा' असली टिपणं, हे सगळं तिनं कॉलेजपासून जमवून नेटवर खुलं ठेवलं होतं. तेच तेच दर वेळी नव्यानं कोण लिहीत बसणार? लागेल त्यानं न्यावं आणि आपलंही काहीतरी नावानिशी त्यात टाकावं, एवढाच नियम. अण्णांच्या कणगीतलं भाताचं बियाणं असंच जायचं, आणि सुगी झाली की पसाभर जास्तच परत यायचं. बियाण्याला नाही म्हणणारं घर त्यांच्या आळीत नव्हतं.

बिलाच्या साच्यात नमुन्याचं गिऱ्हाईक म्हणून शेफालीनं म्हशीचंच नाव घातलं होतं. ते पुसायचं राहिलं. पुण्याच्या गिऱ्हाइकानं सरांचं काम बघितलं, त्यात चंद्री, मुक्काम विंझर. मग कापूरहोळला गॅरेजच्या माडीवर एकटा काम करणाऱ्या धनाजीचं बघितलं, तर त्यानंही शेफालीचाच साचा नेलेला, त्यातही चंद्री! गिऱ्हाईक पोट धरून हसलं, आणि काम धनाजीला देऊन मोकळं झालं.

सर काही हसले नाहीत. शेफालीला केबिनमध्ये बोलावलं.

"हे वाटप आजच्या आज बंद. फायलींवरची सगळ्यांची नावं पुसायची आणि आपल्या कंपनीचं घालायचं. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

ही नोकरी लागल्यापासून घरात शेफालीच्या लग्नाचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. नोकरी गेली की मामा लोक स्थळं घेऊन दारात हजर! पण त्या साठ्यात कंपनीचं एक अक्षर नव्हतं, हे सरांनाही ठाऊक होतं.

"सर, ते माझं एकटीचं नाही."

"मग कुणाचं? त्या धनाजीचं?"

"त्याचं बी हाय." चिडली की तिच्या तोंडात विंझर यायचं.

"फुकट वाटायला ही काय पाणपोई आहे का गं?"

शेफालीनं स्वतःचा लॅपटॉप उघडला, साठ्यातली सगळ्यात पहिली फाईल काढली आणि पडदा सरांकडे फिरवला. "पुसायचं ना? मग पहिलं नाव तुमी पुसा."

वरच लिहिलं होतं: 'रघुवीर, भोर. घ्या, वापरा, सुधारलंत तर पुढच्याला द्या.'

सर तेव्हा कॉलेजात शिकवायचे. ही स्क्रिप्ट त्यांनी सगळ्या वर्गाला दिली होती. घरी कॉम्प्युटर नसलेल्या शेफालीनं ती लॅबमध्ये बसून पाठ केली होती, इतकी तिला आवडली होती. सरांचे कान लाल झाले.

"तेव्हा मी मास्तर होतो. आता या ऑफिसवर किती घरं चालतात, तुला काय माहीत!" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि आपलं नाव पुसून टाकलं. "झालं? आता बाकीची तू पूस."

तिला वाटलं होतं, हात थांबेल. नाही थांबला. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. तिनं लॅपटॉप ओढून घेतला आणि सरांच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव होतं तसं परत लिहिलं.

"सर, बियाणं तुमी दिलं व्हतं. दिलेलं माघारी न्यायची रीत आमच्यात न्हाई. आन् तुमचं नाव पुसायचा हक्क आता तुमाला बी न्हाई!"

गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवून ती बाहेर पडली. तिनं थेट विंझरची एसटी धरली.

विंझरला अण्णा चंद्रीला वैरण टाकत होते.

"अण्णा, नोकरी गेली. सर म्हणाले सगळ्यांची नावं पुस, म्या न्हाई म्हनलं."

अण्णांनी पेंढी खाली ठेवली. "बियाणं हाय का जाग्यावर?"

"हाय."

"मग तोंड कशापायी पाडलंस? मामांना मी बघतो. च्या पी जा."

शेफाली ओट्यावरच बसली. चहा निवला तरी तिचं लक्ष नव्हतं. तिनं बिलाचा तो साचा उघडला. नमुन्याच्या गिऱ्हाइकाचं नाव बदलायला हवं, हे खरं होतं. धंद्यात असली चूक बरी नव्हे. बोट त्या ओळीवर गेलंही. मग तिनं समोर रवंथ करणाऱ्या चंद्रीकडे बघितलं, आणि नावाच्या वर सगळ्यांना दिसेल अशी एक ओळ घातली:

'गिऱ्हाइकाला देताना आपापल्या घरचं नाव घालावं. हितली म्हैस कुणी पुसायची न्हाई.'