जोडीतला डावा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. एकटा मात्र नाही, जोडीतला डावा. माझा उजवा भाऊ माझ्यापासून सहा फुटांवर उभा असतो. आमची उंची सारखी, रंग सारखा, सागाच्या पेट्यासुद्धा एकाच लाकडाच्या. तरी आमच्या आयुष्यात दोन वर्षं अशी आली, की आम्ही एकमेकांविरुद्ध वाजत होतो आणि घरात कुणालाच ते कळत नव्हतं. त्या दोन वर्षांची गोष्ट आज सांगतो.

आमचा जन्म एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालचा. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत मजीदमियाँचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान एवढंसं, पण त्यांचे कान मोठे. एका मोडीत निघालेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या दारातून त्यांनी आमचा साग काढला. पेटी तयार झाली की ते बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करत आणि कान लावून बसत. "अभी बोल रही है," असं म्हणत आतून आणखी एक पट्टी ठोकत, घोंगडीचा तुकडा चिकटवत. पेटी टकटक केल्यावर दगडासारखी मुकी झाली, तेव्हाच त्यांचं समाधान झालं. पेटीने स्वतः बोलायचं नसतं, ही मला मिळालेली पहिली शिकवण. आमच्या पोटात कागदाचा एक गोल पडदा असतो. तो पुढे-मागे हलतो, हवेला ढकलतो, आणि त्या हवेतून गाणं तुमच्यापर्यंत पोचतं.

आम्हाला घडवून घेतलं ते आशाबाईंनी. उस्मानपुऱ्यात एका बैठ्या घरात त्या एकट्या राहत आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. दुकानात आल्या तेव्हा त्यांनी मजीदमियाँना सांगितलं होतं, "मला मोठा आवाज नको. गाणारी बाई समोर येऊन बसली पाहिजे."

मजीदमियाँनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हौ बाईसाहेब, बसेल. पर उसकू बिठाने के लिए कान भी होना. आहेत का?"

"आहेत," आशाबाई म्हणाल्या.

"फिर बनाता मैं."

आणि खरंच ती येऊन बसली, मित्रांनो. रोज दुपारी शाळेतून आल्यावर आशाबाई खिडकीचा पडदा ओढत, तबकडीवर सुई टेकवत आणि आमच्यासमोर वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसत. आमच्या दोघांच्या मध्ये कोरी भिंत होती. पण सूर लागला की त्या भिंतीपुढे कुणीतरी येऊन बसल्याचा भास होई. तिचा गळा बरोबर मधोमध, बसलेल्या माणसाच्या उंचीवर. तबला थोडा उजवीकडे. तंबोऱ्याचा गुंजारव माझ्या बाजूला, पावसाळी धुक्यासारखा खोलीभर पसरलेला. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येई. भिंतीवर पूर्वी एक कॅलेंडर होतं. आशाबाईंनी ते काढून स्वयंपाकघरात लावलं. शेजारणीने कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं ती बसते ना."

अशी बावीस वर्षं गेली. आशाबाई निवृत्त झाल्या. तबकड्यांची चलती संपली, कॅसेट आल्या नि गेल्या, पण आमची दुपार चुकली नाही.

मग शहर वाढायला लागलं. बैठी घरं पडून त्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. आमचंही घर पाडलं. वर्षभर आम्ही कुणाच्या तरी कोठीत गोणपाटात गुंडाळून पडलो होतो. नवी इमारत झाली आणि आशाबाईंना तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. आम्हाला जोडायला एका दुकानातून माणूस आला. त्याला मोठी घाई. त्याने तारा खुपसल्या, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं, खिडकीच्या काचा थरथरल्या. "बघा मॅडम, काय दणका आहे!" म्हणाला आणि गेला.

त्या घाईत माझ्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या.

म्हणजे काय झालं, ते सांगतो. भावाचा पडदा पुढे यायचा, तेव्हा माझा मागे जायचा. तो हवा ढकलायचा आणि मी तीच हवा ओढून घ्यायचो. झोपाळ्याला दोघांनी समोरासमोरून धक्का द्यावा, तसं. आवाज येत होता, भरपूर येत होता. पण डग्ग्याचं पोट गेलं, आणि मधली बाई नाहीशी झाली. ती खोलीभर होती आणि कुठेच नव्हती. मला हे कळत होतं. पण माझ्यात शिरतं तेच मी बोलतो. माझं स्वतःचं असं मला काही बोलता येत नाही.

आशाबाईंनी खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. पडदे बदलले. सुई बदलली. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, वयाप्रमाणे ऐकणं थोडं कमी होतंच. ते खोटं नव्हतं. पण आशाबाईंनी ते 'थोडं' ऐकलंच नाही. घरी आल्या, तबकडी पाकिटात घातली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "संपलं. ती आहे तिथंच आहे. मीच गेले."

त्यानंतर दुपारी ती खोली बंद राहू लागली.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. इमारतीत टँकर यायचा आणि त्याचा भोंगा वाजला की जिन्यात कळशांचा खणखणाट. घरात जिथे सपाट जागा दिसेल, तिथे भांडं भरून ठेवायचं. माझ्या डोक्यावरही एक हंडा आला. त्याचं पाणी सांडायचं, साग फुगायचा. मी दिवसभर पाण्याचं ओझं घेऊन उभा असायचो आणि आत पडद्यावर धूळ साचायची.

पाणी भरायला आशाबाईंनी एक बाई ठेवली होती. तिचं नाव बानाबाई. देवगाव रंगारीकडची, धनगराची. तिकडच्या विहिरी आटल्या, तेव्हा तिचा नवरा मुंजाबा मेंढरं घेऊन लांब गोदाकाठाला गेला आणि ती शहरात भाचीकडे येऊन राहिली. कमी बोलायची. पण जिन्यात कोण चढतंय, ते दार उघडण्याआधीच सांगायची.

एक दिवस आशाबाईंनी ठरवलं, की आम्हाला देऊन टाकायचं. पुंडलिक म्हणून एक ओळखीचा मंडपवाला होता. लग्नात वाजवायला नेतो म्हणाला, उद्या टेम्पो पाठवतो. देण्याआधी चालतात की नाही ते पाहावं, म्हणून आशाबाईंनी हंडा उतरवला, धूळ पुसली आणि कित्येक महिन्यांनी तबकडी लावली. त्या खुर्चीत बसल्याही नाहीत. खिडकीशी उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे करून.

मला वाटलं, हे माझं या घरातलं शेवटचं गाणं. तेही उलटं.

बानाबाई कळशी घेऊन आत येत होती. ती उंबऱ्यातच थबकली. मान जराशी कलती केली.

"बाई, ही बाई कुठं बसून गातीय?"

"कुठं म्हणजे? रेकॉर्ड आहे ती."

"ते व्हय. पण तिला जागा असंल का नाय? मला घावंना. हिकडून बी येतीय, तिकडून बी येतीय, अन् मधी कुनीच नाय."

आशाबाई गर्रकन वळल्या. "तुम्हालाही तसंच वाटतं?"

"वाटतं कशाचं, हायेच तसं." बानाबाईने कळशी खाली ठेवली. "बाई, धुराळ्यात मेंढरं हाकलीत म्या. डोळ्याला काय सुदिक दिसत नाय. कोनतं मेंढरू कोनीकडं हाय, ते घंटीवरनं कळतं. चाळीसातलं एक हुकलं तरी कळतं. मंग हिचंच कसं कळंना? ह्या डब्यांचं कायतरी चुकलंय."

"अन् माझे कान?" आशाबाईंचा आवाज अगदी लहान झाला होता.

"कानाला काय धाड भरलीय?"

आशाबाई हसल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. बानाबाईला काही उमगेना. ती घाबरून पाण्याचा पेला घेऊन आली. दोन वर्षं एक माणूस स्वतःला दोष देत होतं, मित्रांनो. आणि दोष दोन तारांचा होता.

आशाबाईंनी पुंडलिकला नको म्हणून कळवलं आणि रिक्षा करून क्रांती चौकात गेल्या. मजीदमियाँचं दुकान तिथे नव्हतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं होतं. पण शेजारच्या पानवाल्याला त्यांचं घर माहीत होतं. दोन दिवसांनी मजीदमियाँ आले. दाढी पांढरी, हात थरथरणारे. सोबत त्यांची लेक कहकशा होती. आता हत्यारं तिच्या हातात होती.

मजीदमियाँनी गाणं लावायला सांगितलंच नाही. "बेटा, सेल निकाल," म्हणाले. कहकशाने टॉर्चचा सेल काढला आणि तारांची टोकं त्याला टेकवली. आधी भावाच्या. त्याचा पडदा टप्प करून पुढे आला. मग माझ्या. माझा आत गेला.

मग मजीदमियाँ कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला! भाई-भाई का झगडा! बाईसाहेब, एक आओ बोलतंय, दुसरं जाओ बोलतंय. मधी बिचारी बैठेगी किधर?"

कहकशाने दोन तारांची अदलाबदल केली. तेवढंच काम होतं. चहा उकळायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागला असता.

तबकडी लागली. मी आणि भाऊ एकदम पुढे झालो, एकदम मागे आलो. दोन वर्षांनी आमचा श्वास जुळला. खिडकीबाहेर उन्हाने शहर पांढरं पडलं होतं, खाली टँकरची रांग होती, आणि आत भिंतीपुढची हवा हळूहळू दाट होत गेली. तिथे ती येऊन बसली.

आशाबाईंनी डोळे मिटले होते. बोलली ती बानाबाई, अगदी हलक्या आवाजात, जसं गाभण मेंढीजवळ बोलावं. "ही बघा. हितं बसली. अन् बाई, तिच्या मागं आनखी कुनीतरी हाय. गात नाय. नुस्तं श्वास घेतंय."

आशाबाईंनी डोळे उघडले. बावीस वर्षं ती तबकडी त्यांनी ऐकली होती, पण हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सुई पुन्हा मागे नेली. मजीदमियाँनी हाताचा द्रोण करून कानाला लावला. होतं. माझ्याच बाजूला, तंबोऱ्याच्या पाठीमागे, तंबोरा छेडणाऱ्या माणसाचा संथ श्वास. मी तो रोज वाजवत होतो.

"सुभानल्ला," मजीदमियाँ म्हणाले. "ये कान मेरे दुकान में होना था."

त्या उन्हाळ्यात टँकर येईपर्यंतची दुपार दोघींची झाली. आशाबाई खुर्चीत, बानाबाई खाली गार फरशीवर. बानाबाई सांगायची, कोण कुठे बसलंय. आशाबाई शोधायच्या. कधी सापडायचं, कधी नाही. पाऊसपाणी बरं झाल्यावर मुंजाबा तिला न्यायला आला, आणि ती आपल्या मेंढरांकडे गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या पडद्याचा काठ विरला, तो बदलायला कहकशा आली होती. तिला आशाबाई सांगत होत्या, "मी देवगाव रंगारीला जाऊन आले बरं का. बानाबाईंनी मला मेंढरांमध्ये बसवलं, डोळे मिटायला लावले. सांगा म्हणाल्या, लंगडं कोकरू कोनीकडं हाय. चारदा चुकले. पाचव्यांदा बोट दाखवलं, तर ते बोटालाच येऊन लागलं." एवढं सांगून त्या शाळकरी मुलीसारख्या हसल्या.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याच्यावर पाण्याचं भांडं ठेवू नका. त्याची धूळ मऊ फडक्याने टिपा, त्याला उन्हात ठेवू नका, तारा जोडताना घाई करू नका. आवाज बिघडला असं वाटलं, तर बटण मोठं करण्याआधी ते जरा लहान करून ऐका. आणि खोलीत जो कुणी असेल, पाणी भरायला आलेला का असेना, त्याला विचारा, "तुम्हाला काय ऐकू येतंय?" मग त्याचं सांगून पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.