पाठ फिरवल्यावर

अ‍ॅम्प्लिफायर इतका जड निघाला की दारातून आत आणताना प्लगने तो दोनदा जमिनीला टेकवला आणि दोन्ही वेळा स्वतःच्या कमरेची माफी मागितली.

"वहिनी, त्या चपला जरा बाजूला घ्या. नाहीतर हा आणि मी दोघेही इथेच राहायला येऊ."

"या की," कानसेनची बायको चपला पायाने सरकवत म्हणाली. "घरात बोलायला कुणीतरी होईल."

कानसेन खिडकीपाशी उभा होता. त्याला खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. एकदा स्टुडिओत भिंतीपलीकडच्या पंख्याचा एक स्क्रू सैल झालेला त्याने नुसत्या आवाजावरून ओळखला, आणि त्या दिवसापासून सगळे त्याला कानसेन म्हणू लागले. तीस वर्षं तो चित्रपटांचे आवाज जुळवत आला होता. पात्राचा श्वास कुठे ठेवायचा, दूरची गाडी कुठून आणून कुठे विझवायची, हे ठरवणं त्याचं काम. प्लग तेव्हा त्याच्या हाताखाली तारा जोडायचा, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. आता त्याचे केस पिकले होते आणि ध्वनियंत्रांचं स्वतःचं दुकान होतं.

आज रविवार होता. उद्या सकाळी कानसेनला स्टुडिओच्या प्रमुखबाईंसमोर एक कागद ठेवायचा होता. गेल्या दोन चित्रपटांत डावी बाजू सर्वत्र चढलेली आहे, अशी तक्रार आली होती. चित्रपट लोकांपुढे गेले होते, आता ते परत येणार नव्हते. कानसेनने सांगितलं होतं, शेवटचा हात मी घरच्या खोलीत फिरवतो, आणि घरचा रिसीव्हर, स्पीकर चालवणारी पेटी, थकलाय. डावीकडचं दबकं ऐकवतो, म्हणून मी चढवत गेलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तपासून घ्या आणि दुकानदाराचं लेखी आणा," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसवावं लागेल. मला ते आवडणार नाही." पेटी दोषी ठरली तर खुर्ची राहणार होती. म्हणून पेटी दोषी ठरायला हवी होती. एखाद्या मुक्या नोकरावर आळ घेण्याइतकं ते सोपं होतं.

प्लगने जुन्या रिसीव्हरचं झाकण काढलं आणि आत फुंकर मारली.

"यात दोन माणसं एकाच खोलीत कोंबलीत, वहिनी. एक डोकं, एक दंड. डोकं म्हणजे प्रोसेसर. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला, कधी, किती, हे ते ठरवतं. दंड म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्यात नुसतं बळ. एकाची धग दुसऱ्याला लागते. म्हणून जाणकार लोक दोन्ही वेगळे घेतात."

"ह्या वयात वेगळं व्हायचं म्हणतायत," बायको म्हणाली. "मला तीस वर्षांत कधी म्हणाले नाहीत."

"तुमच्यात डोकं कोण आणि दंड कोण, ते ठरलं नसेल." प्लग हसला, मग कानसेनकडे वळला. "पण सर, दोन्ही घ्यायलाच हवेत असं नाही. बिघाड डोक्यात आहे की दंडात, ते आधी बघू. उगाच दोन ओझी कशाला?"

आधी त्याने फक्त दंड बदलला. जुन्या रिसीव्हरला नुसतं ठरवू द्यायचं, बळ नव्याने पुरवायचं. मग कानसेनचीच जुनी ध्वनिफीत लावली. एक बाई एकटीच काही वाचते आहे. मागे संगीत नाही, पाऊल नाही. यंत्र निरोगी असेल तर ती दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, रिकाम्या हवेत उभी राहते.

"डावी बाजू?" प्लगने विचारलं.

"थोडी उघडली."

"थोडी म्हणजे किती, सर?"

तीस वर्षं हा प्रश्न कानसेननेच इतरांना विचारला होता. 'थोडं' या शब्दाला त्याच्या खोलीत थारा नव्हता. वाचणारी बाई उजवीकडे सरकून उभी होती, जशी ती गेले सात महिने उभी असे. एका सकाळी तोंड धुताना जगाची एक बाजू ओल्या कापडाखाली गेली होती आणि त्या कापडाच्या आत एक बारीक शीळ उरली होती, न थांबणारी. कानात पाणी गेलं असेल, तो म्हणाला होता. मग सर्दी. मग रिसीव्हर.

प्लगने आता प्रोसेसर जोडायला घेतला. जुन्या पेटीतली मांडणी उतरवून घेण्यासाठी त्याने पडद्यावर आकडे उघडले, आणि त्याचा हात थांबला.

"डावा सात डेसिबलने चढवलाय?"

"हळूहळू चढवला."

महिन्याला एक. घरात लपवलेल्या कुणाला रोज एक घास जास्त वाढावा, तसा.

"तरीच सगळे त्या कोपऱ्यातून ओरडत होते," बायको म्हणाली. "मला वाटलं, हल्ली सिनेमेच तसे काढतात."

नव्या प्रोसेसरसोबत मापाचा एक माइक होता, अंगठ्याएवढा. प्लगने तो तिकाटण्यावर बसवून कानसेनच्या खुर्चीत उभा केला आणि सगळ्यांना भिंतीशी जायला सांगितलं. प्रत्येक स्पीकरमधून आवाजाची एक लांब रेघ उठली, खालून वर चढली आणि मिटली. खुर्चीतला तो इवलासा काळा ठिपका निमूट ऐकत होता. त्याला कीर्ती नव्हती, टोपणनाव नव्हतं, गमावण्यासारखं काही नव्हतं. कानसेन भिंतीला टेकून स्वतःच्या जागेकडे पाहत राहिला.

पडद्यावर निकाल आला. डावा आणि उजवा, दोन्ही समान. चढवलेले सात प्रोसेसरने पुसून टाकले होते.

माइक उचलला गेला, कानसेन खुर्चीत बसला, बाई पुन्हा वाचू लागली. या वेळी ती उजव्या स्पीकरच्या पार पोटात शिरली होती. डावीकडे नुसतं लाकूड उभं होतं.

"माइक बिघडला असेल."

"आजच खोक्यातून काढलाय, सर."

"मग खोलीचा दोष. भिंत सारखी नाही."

"खोलीही त्यानेच मोजली." प्लगने हात पुसले, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसले. "दोन्ही बदलूनही फरक नाही, म्हणजे जुनी पेटीही ठीक आहे. डोकंही, दंडही. सर, पहिल्या आठवड्यात तुम्ही मला एक गोष्ट शिकवली होतीत. तारेला हात लावायच्या आधी पाठ फिरव."

कानसेनला ते शिकवणं आठवत होतं. स्पीकरकडे पाठ करून बसायचं. तोच स्पीकर दबका राहिला तर दोष यंत्राचा. दबकेपणा तुझ्याबरोबर फिरला, तर यंत्राला शिव्या देऊ नकोस. इतकी साधी परीक्षा. ना हत्यार, ना खर्च. आणि सात महिन्यांत त्याने या खोलीत एकदाही स्पीकरकडे पाठ केली नव्हती. स्टुडिओतल्या फिरत्या खुर्चीच्या सांध्यात त्याने पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवली होती, ती चुकूनही फिरू नये म्हणून. माणूस जे जाणत नाही, त्याची इतकी काळजी घेत नाही.

तो उठला. खुर्ची उचलून उलटी ठेवली आणि बसला. समोर आता रंग उडालेली भिंत होती आणि एक रिकामा खिळा.

"लाव."

बाई वाचू लागली. सात महिने ज्याच्यावर आळ होता, तो डावा स्पीकर आता त्याच्या उजव्या कानाशी आला होता, आणि तो स्वच्छ, भरघोस, एकही अक्षर न गाळता बोलत होता. दुसरा मात्र, कालपर्यंतचा धडधाकट, ओल्या कापडाखाली गेला होता. कानसेनने शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकलं. मग ती शीळ तेवढी उरली.

तो उठून वळला. सोफ्याच्या उजव्या टोकाला बायको बसली होती. पूर्वी ती दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या उजेडात बसायची.

"तू इकडे कधीपासून बसतेस?"

"तिकडून बोललेलं तुमच्यापर्यंत पोचेना, तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

प्लगने गुडघ्यावर दुकानाची वही उघडली. त्याच्या पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं, पण हलत नव्हतं.

"मी लिहून देतो," तो खालमानेने म्हणाला. "डावी बाजू निकामी. सही, शिक्का. कोण येतंय तपासायला? आणि सर, खोटंही नाही ते. डावी बाजू निकामी आहेच. फक्त कुणाची, ते लिहीत नाही."

कानसेनच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. क्षणभर तो कागद त्याला दिसला: उद्या प्रमुखबाईंच्या टेबलावर, पेपरवेटखाली; मग आणखी एक चित्रपट, आणखी एक, आणि अंधारात बसलेली माणसं, माना डावीकडे वळवून, असं का होतंय ते न कळता. त्याने हात पुढे करून वही घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पेटी तपासली. डावी-उजवी सारखी वाजते. ऐकणाऱ्याचा डावा कान गेला आहे.

"खाली शिक्का मार," तो म्हणाला. "आणि ही दोन्ही घेऊन जा. नवीन घेण्यासारखं यात काही नाही."

प्लगने शिक्का मारला. बायको स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला.

अ‍ॅम्प्लिफायर खाली न्यायला दोघे लागले. जिन्यात प्लग त्याच्या डाव्या अंगाला होता. मधल्या वळणावर प्लगचे ओठ हलताना कानसेनला डोळ्याच्या कडेने दिसले. सात महिन्यांच्या सवयीने मान होकारार्थी हलू लागली होती. ती त्याने थांबवली.

"टेकव खाली."

त्यांनी ओझं पायरीवर ठेवलं.

"ह्या बाजूला ये," कानसेन म्हणाला. "आता बोल."

प्लग अवघडून, भिंतीला घासत, त्याच्या उजवीकडे आला.

"काही नाही, सर. पुढची पायरी तुटलीय, एवढंच म्हणत होतो."