आठवी चाल

माझे सासरे गेली एकवीस वर्षं मला बुद्धिबळात हरवत आलेत, आणि तेही एकाच पद्धतीने. मी लिफ्ट दुरुस्त करतो. तोच बिघाड दुसऱ्यांदा निघाला की मी हाताखालच्या माणसांना फैलावर घेतो. इथे दर रविवारी तोच बिघाड, आणि फैलावर घ्यायला मीच.

त्यांचा लाडका बचाव म्हणजे कॅरो-कान, त्यातला क्लासिकल प्रकार. दोन जुन्या खेळाडूंची आडनावं जोडून झालेलं नाव. घराचं दार लागायच्या आत काळा उंट बाहेर पडतो, एवढंच त्यातलं शहाणपण, पण शंभर वर्षांहून जास्त टिकलेलं. पांढरा घोडा त्याला हुसकावतो, तो एक घर मागे सरकतो. मग पांढरा कडेचं प्यादं दोन घरं पुढे ढकलून त्याला धाक दाखवतो. काळा आपलं कडेचं प्यादं सरकवून उंटाला पळायला जागा करतो. दोघांचा एकेक घोडा बाहेर येतो. आठव्या चालीला मी माझा उंट समोर आणतो, ते तो मारतात, मी त्यांचा मारतो, आणि तिथून पुढे मी सावकाश, कोणालाही त्रास न देता हरतो.

या खेपेला मात्र जिंकणं भाग होतं. सासूबाई गेल्यापासून सासरे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. पूर्वी ते नकाशे काढायचे, आणि एकट्याचं आपल्याला छान जमतं यावर त्यांचा ठाम विश्वास. गेल्या महिन्यात जिन्यात पाय घसरला, तर खापर चपलांवर फोडलं. दोनदा पातेलं करपलं, तर दोष शेगडीचा. बायकोने किती वेळा सांगितलं, "बाबा, आमच्याकडे चला." शेवटी ते वैतागून म्हणाले, "ज्या दिवशी जावईबापू मला कॅरो-कानमध्ये हरवतील, त्या दिवशी गाशा गुंडाळतो." शब्दाचा पक्का माणूस.

"अहो, एकदा तरी जिंका ना," बायको मला म्हणाली. जसं काही मी हौसेने हरत होतो.

मग मी वाचनालयातून जुनी मासिकं आणली आणि बैठक मारली. तिथे माझे डोळे उघडले. मी खेळतो तसंच पूर्वी बडेबडे खेळायचे. पण एकोणीसशे सहासष्टच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पांढऱ्याने आठव्या चालीला उंट आणण्याआधी ते कडेचं प्यादं आणखी एक घर पुढे रेटलं. काळा उंट कोपऱ्यालगत, काळ्याची ती बाजू आवळलेली. पुढे पट्टीच्या खेळाडूंनी बहुतांशी हीच वाट धरली. एक घर! एवढं एक घर मला एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं. स्वतःच्या अकलेची मला कीव आली.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी खिडकीपाशी पट मांडला. बायको खाली भाजी आणायला गेली होती. मी एरवी खेळताना तोंडाची टकळी चालू ठेवतो: हा निघाला घोडा, हा आला उंट. बायको त्यावरून मला बोलते, सासऱ्यांनी मात्र कधी हरकत घेतली नव्हती. त्या दिवशी चाली विसरू नयेत म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. पहिल्या सात चाली नेहमीच्याच झाल्या. आठव्या चालीला मी कडेचं प्यादं हळूच एक घर पुढे ढकललं.

सासऱ्यांनी ताबडतोब उंट उचलला आणि माझा उंट मारला. म्हणजे मारायला गेले. माझा उंट तिथे नव्हताच. त्यांनी आपला उंट रिकाम्या घरात टेकवला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या घराभोवती माझी सोंगटी शोधत फिरू लागली.

मला आधी हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

सोंगटीवरचं बोट उचललं की चाल झाली, हा नियम त्यांनीच मला घोटून घोटून शिकवलेला. बोट अजून उंटावर होतं. मी चार क्षण गप्प बसलो असतो तर तो उंट फुकटात मिळत होता. डाव माझा, पैज आमची, बायकोला रात्रीची झोप. गप्प बसावं असं मला वाटलं, हे कबूल करतो.

"बाबा," मी म्हणालो, "माझा उंट घरीच आहे. मी कडेचं प्यादं पुढे घेतलंय."

त्यांची बोटं थांबली. "बोलला नाहीत तुम्ही."

"आज ठरवून गप्प होतो."

त्यांनी तोच उंट उचलून न चाचपडता बरोबर कोपऱ्यालगतच्या घरात नेला. "सहासष्ट सालची चाल," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तुम्हाला ती या जन्मी सापडत नाही."

"किती दिवस झाले, बाबा?"

"दीड वर्ष. कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं धुरकट. तुम्ही बडबडता म्हणून निभावतं."

"हिला का नाही सांगितलंत?"

"मग मला इथे कोण राहू देणार होतं?" ते म्हणाले. "चला, तुमची चाल. आणि बोलून खेळा."

मी बोलून खेळलो. प्रत्येक सोंगटी, प्रत्येक घर मोठ्याने सांगितलं. अख्खा पट त्यांच्या डोक्यात होता. नवी चाल, आवळलेली बाजू, माझा आठवड्याचा अभ्यास, सगळं त्यांनी शांतपणे उलगडून बाजूला ठेवलं. त्रेचाळिसाव्या चालीला मी राजा आडवा केला. हरल्याचं दुःख नव्हतं. बायकोला काय सांगायचं, याचाच घोर होता. ते जिंकले होते, म्हणजे इथेच राहणार होते.

तेवढ्यात ती पिशव्या घेऊन वर आली. दारातूनच तिने विचारलं, "काय झालं?"

मी तोंड उघडलं, पण सासऱ्यांनी हाताने मला थांबवलं. सोंगट्या चाचपून एकेक डब्यात टाकत ते म्हणाले, "हरलो, पोरी. आठव्या चालीलाच हरलो. कपाटावरची बॅग तूच काढ. मला ती दिसत नाही."