मागे ठेवलेला गठ्ठा

चित्रकार गेले तेव्हा काकीकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, दोनच गोष्टी उरल्या. चित्रांनी गच्च भरलेलं कपाट आणि स्वतःची जीभ. कपाटाला कुलूप होतं.

चित्रांवर अभ्यास करणारी माणसं तेव्हा घरी यायची. काकीचा नियम ठरलेला: आधी हात धुवा, मग चहा, मग एक गठ्ठा. दुसरा हवा तर उद्या या. जाडजूड पुस्तकं लिहिणारे मुकाट उद्या यायचे. चष्मा बघायला लावलाय की दाखवायला, असं ती त्यांना विचारायची, आणि ते हसून आणखी अर्धा कप मागायचे. जिवंतपणी नवऱ्याने कधी चार माणसं घरी आणली नाहीत, मेल्यावर मात्र घर भरलं.

मग परगावी राहणाऱ्या तिच्या मुलाने संग्रहालयाशी बोलणं केलं आणि तिथून स्कॅनिंगवाला आला. तो एकेक कागद मशीनखाली ठेवायचा, कोपरे सपाट करायचा, दिवा हलवायचा, पुन्हा तोच कागद लावायचा. तुझ्यापेक्षा गोगलगाय बरी, असं काकीने त्याला तोंडावर सांगितलं आणि संग्रहालयाला फोन करून तक्रारही केली. तो "हो काकी" म्हणायचा आणि पुन्हा दिवा हलवायचा. काम संपलं तेव्हा मुलाचा फोन आला, की आई, आता सगळी चित्रं जगाला घरबसल्या दिसतील, तुझ्यामागचा त्रास गेला.

त्रास गेला तो गेलाच. गरज सरो, वैद्य मरो. दारावरची बेल मुकी झाली, घर खायला उठलं.

पण काकी कच्च्या गुरूची चेली नव्हती. एक गठ्ठा तिने गादीखाली दडवला होता. चित्रकारांच्या जुन्या यादीत त्या चित्रांची नोंद होती, म्हणून वेबसाइटवर तेवढ्या जागी 'उपलब्ध नाही' असं दिसायचं. नाही म्हटलं की माणूस धावतच येतो, हे तिला न शिकता ठाऊक होतं.

आली एक. चित्रकारांवरच पीएचडी करणारी, चुणचुणीत पोरगी. काकीने तिला हात धुवायला लावले, चहा दिला आणि गठ्ठ्यातला वरचा कागद पुढे ठेवला. चित्रात खिडकीपाशी भाजी निवडत बसलेली काकी, पाठमोरी. पोरीने मोबाइल काढला तसा काकीने कागदावर हात ठेवला. फोटो नाही, बसून बघायचं. पोरगी बिचारी बघत बसली. मग म्हणाली,

"बाकीचे दाखवता?"

"उद्या. रोज एक. आतली खोली रिकामीच आहे."

"काकी, माझी संध्याकाळची गाडी आहे."

"गाड्या काय, रोज सुटतात."

पोरीने मोबाइल पर्समध्ये टाकला. "मग राहू द्या. ऑनलाइन आहे तेवढ्यात माझं भागतंय."

रागाने बोलली असती तर काकीने व्याजासकट परत केलं असतं. पण ती गोड बोलली, वाकून नमस्कार केला आणि निघाली. 'थांब, सगळे घे,' एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर जिला हाड नव्हतं ती जीभ नेमकी टाळूला चिकटली. पावलं जिना उतरून गेली.

काकीने सगळे कागद पलंगावर पसरले. मोरीपाशी ती, जिन्यात ती, दिव्याखाली सुई ओवणारी ती. सगळ्यांत पाठमोरी. समोर बसायला तिला कधी वेळ नव्हता, आणि त्यांनी कधी मागितला नव्हता. हे आता बोलायचं तरी कुणापाशी?

तिने संग्रहालयाला फोन लावला. एक गठ्ठा राहिलाय, म्हणाली. तिथले साहेब खूश झाले. माणूस पाठवून गठ्ठा मागवून घेतो म्हणाले. कागद घराबाहेर जाणार नाहीत, मशीन इथे आणा, असं काकीने बजावलं.

"बरं, पाठवतो कुणाला तरी."

"कुणालाही नको. मागचाच पाठवा."

"तो फार हळू आहे हो. तुम्हीच तक्रार केली होती."



"ती मागे घेते मी."

बघतो, म्हणाले साहेब. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. पोरीचा अर्धा उरलेला चहा मोरीत ओतून तिने कप विसळला आणि आतल्या कपाटात न ठेवता येणाऱ्याच्या चहासाठी बाहेरच उपडा घातला.