पासपोर्टाला घातलेले सात टाके

ताईचं पत्र आलं, त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो. नंतरही पुष्कळदा बसलो. आठ महिने झाले, उत्तर काही गेलं नाही.

पत्र चार ओळींचं होतं. 'डॉक्टर म्हणतात, वर्षभरात उरलीसुरली नजरही जाईल. त्याआधी तुझं तोंड एकदा बघू दे. फोनच्या काचेत मला नुसता डाग दिसतो, माणूस वीतभर अंतरावर आला तरच कळतो. येशील का? हो की नाही, तेवढं लिही.'

ताई परदेशात, लेकाकडे. मी आयुष्यात कधी देशाबाहेर गेलो नव्हतो. 'हो' लिहावं आणि जाणं झालं नाही तर? म्हणून ठरवलं, तिकीट हातात पडलं की लिहू. भाच्यानं तिकीट पाठवलं, तेव्हा वाटलं, आता पत्र कशाला, आपणच जाऊन समोर उभं राहू. स्वतःला फसवण्यात मी लहानपणापासून पटाईत आहे.

जायला पंधरा दिवस होते. सूनबाई फोनवर काहीतरी वाचत होती. म्हणाली, "बाबा, जपा हं. तुमच्या पासपोर्टात चिप आहे. गर्दीत कुणी यंत्र घेऊन शेजारून गेलं, तरी सगळी माहिती चोरतात म्हणे."

"माझी माहिती चोरून कुणाचं काय भलं होणार?"

"तुमच्या नावावर कुणीतरी जगभर फिरेल."

"फिरू दे की," मुलगा म्हणाला. "बाबांच्या नावाला तेवढाच प्रवास घडेल."

मी हसलो, पण ते डोक्यातून जाईना. माझ्या नावाचा दुसराच कुणी माझ्याआधी ताईच्या दारात उभा आहे आणि तिला फरक दिसत नाही, असलं काहीबाही मनात यायचं. मग मी वाचायला लागलो. वाचनालयात अडतीस वर्षं पुस्तकं बांधली. बांधता बांधता वाचायची खोड लागली, ती सुटलेली नाही. धातूचा पातळ पत्रा आड आला की चिप वाचता येत नाही, एवढं मला कळलं. बाजारात तशी तयार पाकिटं मिळत होती. एक आणलंही. पण त्याची शिलाई मला बघवेना. दोन प्रवासांत उसवलं असतं.

म्हणून मी माझी बांधणीच्या हत्यारांची पेटी काढली. पासपोर्टाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून पत्र्याचं अस्तर लावलं, वर त्याच रंगाचा कागद चिकटवला, कडेला आरीनं सात भोकं पाडली आणि मेणाच्या दोऱ्यानं टाके घातले. दिवसभर वजनाखाली ठेवला. बोट फिरवलं तर टाका लागत नव्हता. बऱ्याच वर्षांनी हात माझं ऐकत होता.

विमानतळावरच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट यंत्रावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग मागचं पान उघडलं.

"आजोबा, हे काय आहे?"

"अस्तर."

"कुणी घातलं?"

"मीच."

मला एका खोलीत नेलं. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकी नाही. तिथल्या साहेबांनी टाक्यांवरून नख फिरवलं.

"काम सुरेख आहे."

अडतीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी चक्क त्यांचे आभार मानले.

"आभार कसले मानता? इतकं सफाईदार काम साधा माणूस करत नाही. असे किती पासपोर्ट केलेत?"

मी सगळं सांगितलं. ताई, पत्र, चिप, चोर. सांगताना मला स्वतःलाच ते खोटं वाटू लागलं. घाबरलो की माझा आवाज खोटारड्या माणसासारखा येतो.

साहेब शेवटी जरा मऊ झाले. "अहो काका, बंद पासपोर्टाची चिप अशी कुणाशीही बोलत नाही. आतलं छापील पान आधी यंत्राला दाखवावं लागतं. आणि भीतीच वाटत होती, तर पाकिटात घालायचा. पासपोर्ट शिवायचा नसतो! तुमची आरी चिपमधून गेली आहे. नुसती चिप बंद असती, तर हातानं तपासून सोडलं असतं. पण पुठ्ठा उघडलेला पासपोर्ट मी सोडू शकत नाही."

तेवढ्यात बाहेर ध्वनिक्षेपकावर माझं नाव पुकारलं. शाळेतल्यासारखा माझा हात वर गेला.

"बसा," साहेब म्हणाले.

नाव आणखी दोनदा पुकारलं. मग पुकारलं नाही.

पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. चौकशी होईल, मग नवा अर्ज. सहा महिने तरी धरून चाला, म्हणाले.

घरी सूनबाई रडवेली झाली. "माझंच चुकलं. मी कशाला बोलले!" मग नाक पुसून म्हणाली, "आणि बाबा, परवा झेरॉक्सवाल्याकडे पासपोर्टाची वाकडी निघालेली प्रत तुम्ही तिथेच टाकून आलात, ती कुणी उचलली तर?" मुलगा तोंड फिरवून हसला. मी पण हसलो असतो, पण भाच्याचा फोन आला.

"मामा, आई सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली आहे. तिला काय सांगू?"

मी फोन सूनबाईच्या हातात दिला.

ती बोलली, ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्यांना आता वाटीएवढं अक्षर असेल तरच दिसतं. तेसुद्धा भिंग लावून. किती दिवस दिसेल, सांगता येत नाही म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी जाड कुंचला घेतला. पूर्वी पुस्तकांच्या पाठीवर नावं घालायचो, तो. एका कागदावर चार शब्दांहून जास्त मावत नव्हते. 'ताई, हो. येणार होतो.' हे पहिलं पान. पुढे टाक्यांचं सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. कुठलं पान खराब झालं तरी फाडलं नाही, नाहीतर पुन्हा आठ महिने गेले असते. तेवीस पानं झाली. शिवली नाहीत, नुसता दोरा गुंडाळला.

टपाल कचेरीतल्या बाईंनी पाकीट तोलून पाहिलं. "पुस्तक का?"

"पत्र आहे."

"एवढं जाड?"

"अक्षर मोठं आहे," मी म्हणालो. "किती दिवसांत पोचेल?"

"बारा. कधी वीस. नक्की नाही सांगता येत, आजोबा."

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.