पाचशे पेशींची मोजणी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. पितळी देहाचा आणि एकाच डोळ्याचा. माझी भिंगे परदेशात घासली गेली, परंतु त्यांतून पाहावे कसे, हे धाराशिवच्या एका धर्मादाय दवाखान्यात रक्त-लघवी तपासणारे दादामियाँ यांनी दाखवून दिले.

एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात बेंबळीच्या धुरपताबाई तेथे दाखल झाल्या. यकृताचा विकार आठ वर्षांचा. आता पाठही दुखू लागली होती आणि अंगात रक्त उरले नव्हते. डॉक्टर आण्णासाहेबांनी त्यांच्या छातीच्या हाडातील मगज काढून काचेवर पसरला. आणि माझ्या भिंगाखाली काय दिसले म्हणता! निळ्या अंगाच्या प्लाझ्मा पेशी, थवेच्या थवे! रोगाशी झुंजणारी प्रथिने या पेशी घडवतात. पण त्याच बेबंद वाढल्या, तर तो हाडांच्या मगजाचा कर्करोग.

"कॅन्सरच हा," आण्णासाहेब म्हणाले. "लेकीला सांगा, आईला घरी न्या."

दाराशी बसलेली धुरपताबाईंची लेक अयोध्या गाडीवाल्याला गाठायला उठली.

"थांब गं बाई!" दादामियाँ कडाडले. "साहेब, एका आळीत दहा कासार बसले म्हणून सारा गाव कासार व्हतो का? तुम्ही काचेची एकच कड बघितली."

"दादामियाँ, आता तुम्ही मला शिकवणार?"

"म्या कशाला? ज्वारी शिकवंल की!"

त्यांनी दोन वाट्या मांडल्या. आण्णासाहेबांनी काच इंचाइंचाने सरकवत पेशी ओळखायची. दादामियाँनी वाटीत दाणा टाकायचा: प्लाझ्मा पेशीला तुरीचा, इतर पेशीला ज्वारीचा. पहिल्या शंभरात तुरी अठरा! अयोध्येने डोळे मिटले. दुसऱ्या शंभरात सात. तिसऱ्यात पाच. माझ्या नळीला आण्णासाहेबांच्या श्वासाची वाफ लागत होती!

"पाचशे!" दादामियाँ ओरडले. "तुरी अडतीस. शेकडा आठबी न्हाईत! कॅन्सरात धाच्या वर लागत्यात!"

आण्णासाहेब तेवढ्याने मानणारे नव्हते. त्यांनी लघवी तापवून पाहिली; कर्करोगात येणारा गढूळपणा आला नाही. क्ष-किरणांत हाडे अभंग दिसली. मग तेच उत्साहाने बोलू लागले, "यकृत जुने आजारी असले, की आतड्यातून येणारा कचरा गाळला जात नसावा. म्हणून या पेशी सतत जाग्या राहतात, वाढतात. गर्दी तीच, कारण निराळे!"

ते स्वतः अयोध्येपाशी गेले. "यकृताचं दुखणं जुनं आहे, ते समूळ जायचं नाही. पण मी सांगितलेला कॅन्सर दिसत नाही. चूक माझी. उपचार इथंच करू."

"मग गाडी नगं म्हणू व्हय?"

"नगंच म्हण!" दादामियाँ हसले.

आज मी कपाटात आहे आणि माझ्या भिंगांवर बुरशी चढते आहे. मित्रांनो, आम्हा जुन्या उपकरणांची निगा राखा. परंतु त्याहून कळकळीची विनंती ही, की आमच्या डोळ्याने पाहाल तेव्हा संपूर्ण काच पाहा. धुरपताबाई त्यानंतर सहा वर्षे जगल्या, आणि अयोध्येच्या मुलांना त्यांनी आपल्या मांडीवर खेळवले.